शांततेची विनंती

नित्याने पुन्हा रिसेप्शनला फोन लावला, तेव्हा खालच्या हिरवळीवरचा सनईसारखा नागस्वर आणखी वरच्या पट्टीत चढला होता. मुलाखतीला थोडाच वेळ उरला होता. बंगळूरच्या एका संस्थेत ध्वनिशास्त्राची जागा होती आणि तिला ती फार हवी होती. मुलाखत लॅपटॉपवर. घराशेजारी पितळी भांड्यांची ठोकाठोकी चालते, म्हणून तिने तंजावरातल्या या सगळ्यांत भारी हॉटेलात खोली घेतली होती. हॉटेलने त्याच सकाळी हिरवळ लग्नाला दिली होती.

सेवा मात्र तत्पर होती. पहिल्या तक्रारीनंतर फळांची परडी आली. दुसरीनंतर एसीवाला आला, एसी अजिबात आवाज करत नाही असं सिद्ध करून गेला. मग चकचकीत तबकात, गुलाबाच्या पाकळ्यांवर ठेवलेले कापसाचे बोळे आले. शेवटी बाहेरचा आवाज झाकला जावा म्हणून कुणीतरी कॉरिडॉरमधल्या स्पीकरवर वीणा लावली. आता नागस्वर, तविल ढोल आणि वीणा असं सगळंच ऐकू येत होतं.

तिची आई सीतालक्ष्मी खिडकीशी बसून परडीतली द्राक्षं खात लग्न बघत होती. नवरीची साडी तिला पसंत पडली होती, नवऱ्यामुलाचे कान मात्र नाही.

या वेळी नित्याने फोनवर थेट मॅनेजरला गाठलं आणि हॉटेलबद्दल इंटरनेटवर काय लिहिणार आहे ते त्याला सावकाश वाचून दाखवलं. मॅनेजर गुडगावहून नुकताच बदलून आला होता. वाचन संपायच्या आतच तो जिना उतरू लागला असावा, कारण त्याला धाप लागल्याचं ऐकू येत होतं. आधी वीणा थांबली. मग नागस्वर, मग तविल. वाजंत्री हॉटेलनेच नेमलेले, त्यांना मॅनेजरचा शब्द मोडवला नाही.

लॅपटॉपच्या पडद्यावर तीन चेहरे उमटले. मधले प्रोफेसर सुब्रमण्यम चष्मा पुसत होते. त्यांनी पहिलाच प्रश्न तिच्या प्रबंधातला विचारला: नको असलेला आवाज बंद करता येत नसेल, तर तुम्ही काय करता?

उत्तर तिला झोपेतही आलं असतं. तिने तोंड उघडलं.

"नित्या, मंगळसूत्र बांधायला घेतलं गे," आई हलक्या आवाजात म्हणाली. "आणि मेळ वाजत नाही."

मंगळसूत्र बांधताना तविल कडाडायला हवा. कुणाची शिंक, कुणाचा वावगा शब्द त्या क्षणी वधूवरांच्या कानी पडू नये म्हणून. त्याला केट्टी मेळम म्हणतात, आणि तंजावरात वाढलेल्या मुलीला ते वेगळं शिकवावं लागत नाही.

नित्याने मान वळवली. खाली नवरामुलगा मंगळसूत्र धरून अवघडला होता. भटजी वाजवा अशी खूण करत, बोट उंच करून जोरजोरात हलवत होते. तविलवाला सांबशिव हात मांडीवर ठेवून बसला होता, कारण मॅनेजर त्याच्यापुढे हात जोडून उभा होता आणि वरच्या मॅडमचं होऊ दे, अशा अर्थाने नित्याच्या गॅलरीकडे बोट दाखवत होता. गॅलरीकडे पाहून नवरीचा बाप तमिळमध्ये जे बोलला, ते त्या शांततेत अक्षर न् अक्षर वर पोचलं. एक कावळा ओरडला. पुढच्या रांगेत एक गलेलठ्ठ गृहस्थ दोन्ही हातांनी नाक दाबून लालबुंद होत चालले होते.

"मुहूर्त सरेल," आई म्हणाली. "कुणाची तरी पोर आहे गे ती."

पडद्यावरचे तिघे उत्तराची वाट बघत होते.

"सर, एक मिनिट," नित्या म्हणाली आणि उठून गॅलरीत गेली. अख्खं लग्न मान वर करून तिच्याकडे बघत होतं. तिने बोट उंच केलं आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "केट्टी मेळम! केट्टी मेळम!"

सांबशिव तविलवर तुटून पडला. नागस्वराने किंकाळी फोडली. खिडकीच्या काचा थरथरल्या. गलेलठ्ठ गृहस्थ अंगभर शिंकले आणि ते कुणालाही ऐकू गेलं नाही. अक्षतांचा मारा सुरू झाला.

नित्या खुर्चीत येऊन बसली. सर, माफ करा, असं ती म्हणाली, पण ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. नोकरी गेली, हे कळायला ऐकू येण्याची गरज नव्हती. तिने भीत भीत पडद्याकडे पाहिलं.

दोन परीक्षक हेडफोन कानांपासून दूर धरून एकमेकांकडे बघत होते. मधली खुर्ची रिकामी होती. सुब्रमण्यम उभे राहिले होते, वर कोट-टाय आणि खाली लुंगीसारखी नेसलेली पांढरीशुभ्र वेष्टी. डोळे मिटून, ओठांनी काही पुटपुटत, ते रिकाम्या मुठीने कॅमेऱ्यावर अक्षता टाकत होते.