सत्तेचाळीस नंबरचा लिंब

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी जीप चिंचेच्या झाडातून आरपार गेली. झाडाचं पान हललं नाही. जीपला ओरखडाही आला नाही.

"सर, तुमच्या झाडांत भूत राहतं की काय?" शेजारच्या कॉम्प्युटरवरून त्याची विद्यार्थिनी स्नेहल हिने विचारलं.

"शनिवारपर्यंत उतरवतो," आदिनाथ म्हणाला.

साल १९९८. आदिनाथ नगरला सावेडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. फावल्या वेळात त्याने गाडी चालवण्याचा एक खेळ लिहिला होता. पुण्याच्या एका कंपनीला तो पसंत पडला होता. त्यावर नोकरी मिळणार होती. अट एकच होती, गाडी झाडावर आदळून थांबली पाहिजे.

खेळातला रस्ता खरा होता. नगरहून कर्जतला जाताना आदिनाथच्या गावाजवळ लागणारे चार किलोमीटर. तिथली बासष्ट झाडं त्याला वडिलांनी सांगितली होती. भिमाजी त्या रस्त्यावर एकतीस वर्षं मैलकुली होते. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं आणि दर दिवाळीआधी झाडांना चुना-गेरूचे पट्टे मारायचे, म्हणजे अंधारात गाडीच्या उजेडात बुंधा लांबून दिसतो. प्रत्येक झाडाला सरकारी नंबर होता. भिमाजींना सगळे पाठ होते.

"तीस नंबर चिंच. बुंधा माझ्या दोन कवेचा. डांबरापासनं चार पावलं."

आदिनाथ लिहून घेत गेला. सत्तेचाळीसला दोघंही थांबले. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, आदिनाथचा थोरला भाऊ गोरक्ष नगरहून मोटारसायकलवर घरी येत होता. नुकतंच अंधारलं होतं. वळणावर तो त्या झाडावर आदळला आणि जागीच गेला.

"लिंब," भिमाजी म्हणाले. "डांबराला लागून." मग अठ्ठेचाळीस सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत खेळातली एकसष्ट झाडं टणक झाली, जीप त्यांच्यावर आदळून थांबू लागली.

शुक्रवारी भिमाजी डोळे तपासायला नगरला आले. आदिनाथने त्यांना क्लासमध्ये आणून पडद्यासमोर बसवलं. जीप निघाली. तीस नंबरच्या चिंचेवर आदळून थांबली.

"व्हय, हीच ती," भिमाजी हसले. "लई आडदांड बाई."

जीप पुढे गेली. सेहेचाळीसवर आदळली. सत्तेचाळीसमधून आरपार गेली.

"ह्येला काय झालं?"

"मुद्दाम तसं ठेवलंय, आबा. या झाडावर कुणी आदळणार नाही."

"आन् कंपनीवाल्याला दिसलं तर? नोकरी जाईल की."

"जाऊ दे."

भिमाजींनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग त्यांनी लिंबाच्या बुंध्यावर बोट टेकवलं.

"ह्यो पट्टा पूस."

"का? सगळ्याच झाडांना आहे."

"त्या दिशी ह्येला न्हवता."

आदिनाथने कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

"सेहेचाळीसपतुर मारत आल्तो," भिमाजी म्हणाले. "चार वाजले हुते. बादलीत चुना हुता. दोन तास उजेड हुता."

"मग?"

"गोरक्षचा निरोप आल्ता ना, आज येतो म्हनून. म्हनलं, राहिलेली सकाळी करू, पोरगं यायच्या आत घरी जाऊ. बादली झाकली आन् सायकल काढली."

"आईला माहीत आहे?"

"न्हाई. कुनालाच न्हाई."

सहा वाजता क्लास बंद झाला. खेळाची फ्लॉपी सकाळच्या पहिल्या एसटीने पुण्याला जायची होती. क्लास बंद होईपर्यंत आदिनाथने पट्टा पुसला नव्हता, आणि झाडही टणक केलं नव्हतं.