पहिला ठोका

तिसऱ्यांदा सुरुवात फसली तेव्हा वाद्यवृंदाचे संचालक कारखानीस यांनी हातातली छडी स्टँडवर आपटली. चाळीस वादकांनी वाद्यं खाली घेतली. कार्यक्रम रविवारी होता आणि आज तालीम जमली नाही तर दुसरा संचालक बोलावू, असं समितीनं स्पष्ट सांगितलं होतं.

"लक्ष कुठंय तुमचं?" ते ओरडले.

पहिल्या खुर्चीतली नवी व्हायोलिनवादक ग्रेटा म्हणाली, "सर, आम्ही तुमच्याकडे बघतोय आणि तुम्ही माझ्याकडे बघताय. मग सुरू कोण करणार?"

मागं चेलोवाले खुदकन हसले. कारखानीसांना हसू आलं नाही. त्या खुर्चीत सव्वीस वर्षं त्यांची बायको बसली होती. सुरुवातीला ती हनुवटी किंचित उचलायची आणि मगच त्यांचा हात खाली यायचा. शिकत असताना मास्तरांनी बजावलं होतं, पहिला ठोका संचालकाचाच. लग्नानंतर ते हे कधी विसरले, त्यांनाही कळलं नव्हतं. मार्चमध्ये ती गेली, तरी हात अजून तिच्या हनुवटीची वाट बघत होता.

घाम पुसून त्यांनी हात वर केला, डोळे मिटले आणि कुणाकडेही न बघता ठोका दिला.

सुरुवात फाटकीच झाली. व्हायोलिनं पुढं पळाली, ट्रंपेट मागं राहिले.

ग्रेटानं वाजवता वाजवताच विचारलं, "सर, परत घ्यायचं?"

"नाही," हात न थांबवता ते म्हणाले. "पुढं चला."