पूजेतला कागद

"अंगठा पाहा साहेब, अंगठा!" भगवंतराव पाटलांनी देव्हाऱ्यातला कागद तहसीलदारांपुढे धरला. "या फकिराच्या आज्याचा. तुमचं संविधान पन्नास सालचं. आमचा कागद निजामाच्या शिक्क्याचा. आता मोठा कोनता, तुमीच सांगा."

वेठबिगारी बंद करणारा कायदा दिल्लीत होऊन वर्ष होत आलं होतं. जैनथकडच्या या गावात तो आज जीपमध्ये बसून पोचला. फकिरा शेणाच्या हातांनी गोठ्यातून आला. बापाच्या मागे तोच पाटलांचा गडी. येत्या दसऱ्यापासून त्याच्या पोरीनं, प्रयागनं, झाडलोटीला यायचं ठरलं होतं. ठरवलं अर्थात पाटलांनी.

तसे पाटील मनाने फार कोवळे. कालच कीर्तनात बुवांनी आळवून सांगितलं, की जन्माला येताना कोणाच्याच गळ्यात दावं नसतं. पाटलांना रडू कोसळलं. डोळे पुसायला उपरणं त्यांनी फकिरालाच आणायला लावलं.

कागद उर्दूत. पाटील शाळेत गेले ते निजाम गेल्यावर, त्यामुळे त्यांना तो वाचता येत नव्हता. वाचायची गरजही पडली नाही. दर दसऱ्याला पोथ्यांसोबत त्याला हळदकुंकू लागे, आणि फकिराला त्याच्यापुढे डोकं टेकवावं लागे.

"काऊन रे फकिरा, पटकीच्या साली तुहा आजा मरताना काय म्हने? सांग साहेबाले."

"म्हने, पाटलाघरचा कागद जपजा. एवढंच म्हने, अन् वाचा गेली."

"ऐकलं? याले म्हनते इमान! माह्या आज्यामागं आठ दिवसांत गेला बिचारा."

तहसीलदारांनी कागद सोबत आलेल्या, कचेरीतल्या म्हाताऱ्या पेशकाराला, बापूजींना दिला. त्यांची अर्धी नोकरी उर्दूत गेलेली. त्यांनी कागदावरचं कुंकू फुंकरलं, वाचू लागले आणि मध्येच थांबले.

"पाटील, हा कागद संविधानाहून मोठा ना?"

"हजारदा मोठा!"

"मग ऐका. ‘काल कीर्तनात माझे डोळे उघडले. आजपासून हा माणूस आणि याची लेकरंबाळं मोकळी. माझा यांच्यावर काही हक्क नाही. याची झोपडी गळते, म्हणून कागद माझ्या घरी ठेवला आहे.’"

फकिराने पहिल्यांदाच त्या कागदाकडे उभ्याने पाहिलं.

"मंग बापूजी, हा अंगठा कोनाचा?"

"पाटलांच्या आज्याचा."