अपात्र

लहान मुलांवर काहींची वाईट नजर का जाते, हे शोधायला डॉक्टरबाई सहा वर्षं अशा गुन्ह्यांतल्या कैद्यांच्या मेंदूचे स्कॅन काढत होत्या. तशी ओढ असूनही गुन्हा न केलेला माणूस मात्र त्यांना कधीच मिळाला नव्हता.

एका दुपारी घड्याळं दुरुस्त करणारा एकजण आपणहून आला.

"मी कुठल्याच मुलाला बोट लावलेलं नाही. पण मनात नको ते येतं. भाची झाल्यापासून बहिणीच्या घरची पायरी चढलो नाही. माझं डोकं तपासा."

बाईंनी घाईघाईनं संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीला फोन लावला. उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडला.

"परवानगी फक्त शिक्षा झालेल्यांसाठीच आहे हो."

तो दारापर्यंत जाऊन थांबला.


"म्हणजे आधी गुन्हा करून यायचं का, डॉक्टर?"