सहावा दिवा

मेट्रो रात्रभर धावू लागल्यापासून बोगद्यात एका मार्गावर गाड्या, शेजारच्या मार्गावर दुरुस्ती, असं चालायचं. गाडी दिसली की दुरुस्तीच्या टोळीतल्या सहाही कामगारांनी भिंतीला टेकून दिवे उंच धरायचे. एक कमी दिसला, तर गाडी थांबवायचीच. त्या रात्री चालकबाईला पाचच दिसले. ब्रेक लावून तिने खिडकीतून हाक मारली, "कोण राहिलंय?" अंधारातून टोळीतला तिचा नवराच डबा घेऊन पुढे आला. "दिवा कुठाय तुझा?" "मुद्दामच विझवला. एरवी थांबली असतीस? भांडून निघालीस, डबा ओट्यावरच राहिला." मुकादम खेकसला, "अहो, संसार घरी करा! माणसं खोळंबलीत." तिने डबा घेतला, दिवा वर गेला, गाडी सुटली. परतीच्या फेरीत सहाही दिवे दिसले. तरीही तिने गाडी थांबवली, अर्धा डबा त्याच्या हातात दिला. "तूही उपाशीच असशील. जेवून घे. उरलेलं भांडण सकाळी."