कोरी ओळ

ॲम्ब्रोजने आपल्या भूमिकेचा कागद तिसऱ्यांदा उलगडला. नाटक चोरीला जाऊ नये म्हणून मंडळीतल्या प्रत्येक नटाला फक्त त्याचीच वाक्यं मिळत, आणि आधी समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द. तो करत असलेल्या बापाला निरोप येतो, ‘तुमची मुलगी गेली.’ त्याखालची ओळ कोरी होती.

दुपारच्या खेळासाठी थेम्सवरून माणसांनी भरलेल्या होड्या यायला लागल्या होत्या. तो तणतणतच कपडेपटात गेला. ज्याच्या नावावर अख्खं लंडन लोटायचं, तो लेखक तिथे बसून खोटी दाढी चिकटवत होता.

“मास्तर, नक्कल उतरवणाऱ्याने माझं वाक्य खाल्लंय. पोर गेल्यावर बाप मुका उभा राहील होय? लोक सफरचंदं फेकून मारतील मला.”

“कुणी काही खाल्लेलं नाही,” लेखक म्हणाला. “गेल्या हिवाळ्यात याच दारात तुझी लेक सिसली गेल्याचा निरोप आला. तेव्हा तू काय बोलला होतास?”

तेव्हा याच माणसाने ॲम्ब्रोजला कितीतरी वेळ छातीशी धरून ठेवलं होतं.

“मला वाटलं, तुम्ही मला सावरताय,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही तर बघत होतात.”

लेखक आत्ताही बघत होता.