कोऱ्या नोटा

“ह्या नकोत. वापरलेल्या द्या. मळलेल्या, चुरगळलेल्या, कशाही चालतील.”

पुसानच्या बंदरावर पैसे बदलून देणाऱ्या खिडकीतली बाई काझुएकडे बघतच राहिली. तिने पुढे सरकवलेल्या जपानी नोटा करकरीत होत्या. प्रवासी कोऱ्या नोटांसाठी तिच्याशी हुज्जत घालत. मळक्या मागणारी विरळाच.

फुकुओकाची बोट सुटायची वेळ होत आली होती. सकाळी बाजारात असताना भावाचा फोन आला. आई अंगणात कोसळली, शुद्ध नाही, डॉक्टर काही बोलत नाहीत, निघून ये. एवढंच. बोट काही तिला हाताने ढकलता येणार नव्हती, म्हणून हाताला सापडेल ते ती करत होती. उरलेले कोरियन पैसे बदलून घ्यायलाच हवे होते. पलीकडे उतरेपर्यंत बँका बंद झालेल्या, आणि पुढे डोंगरातल्या गावापर्यंत टॅक्सी.

“तिथल्या टॅक्सीवाल्यांना कार्ड दाखवलं ना, की असे बघतात, जसं काही आपण झुरळ काढलं पर्समधून,” फुसाए वन्सं म्हणाल्या. नणंद-भावजया मिळून सहलीला आल्या होत्या. वन्सं मघापासून बोलतच होत्या. गप्प बसलं तर भावजय रडेल, अशी त्यांना भीती होती.

जुन्या नोटांची आठवणही त्यांनीच करून दिली होती. “टॅक्सीला कुठलीही चालेल गं. पण तुझं माहेरचं गाव! मयताच्या घरी सांत्वनाचे पैसे द्यायच्या पाकिटात कोरी नोट निघाली, तर चारचौघींत उचलून दाखवतील. म्हणतील, लेकीने आधीच काढून ठेवली होती, वाटच बघत होती आईच्या मरणाची. माझ्या चुलतसासूच्या वेळी झालंय हे. आणि ऐन वेळी जुन्या नोटा शोधत कुठे फिरणार आपण?”

काझुएने मान डोलावली होती. खरंच होतं ते.

खिडकीतली बाई खणाच्या तळातून जुन्या नोटा वेचू लागली. काझुए एकेक नोट उजेडात धरून बघत होती. “ही चालेल. ही जरा बरी दिसते, बदला.”

“बाई, नोटा घेताय का भाजी निवडताय?” मागच्या रांगेतून कुणीतरी खेकसलं.

आणि खिडकीतल्या बाईचे हात थांबले. जपानी माणसं तिने या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिली होती. ती उठून उभी राहिली, दोन्ही हात जोडल्यासारखे धरून लवली आणि मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली, “माफ करा. माझ्या उशिरा लक्षात आलं. कोण गेलं घरातलं?”

काझुएचे ओठ उघडले. ‘आई’ म्हणण्यासाठीच उघडले होते.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “अजून कोणी नाही गेलेलं.”

तिकडे आईचा श्वास चालू होता, आणि इकडे पोटची लेक तिच्या मयताच्या नोटा पारखून घेत होती. काझुएने तो मळका गठ्ठा दोन्ही हातांनी खिडकीतून आत ढकलला.

“परत घ्या. सगळ्या कोऱ्या द्या.”

“अगं, पण...” वन्संनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “बरं, असू दे. घे कोऱ्या. मधोमध एकेक घडी घातली की वापरलेल्या दिसतात. सगळे तसंच करतात. बोटीत बसून घालून टाकू दोघी मिळून.”

खिडकीतून आलेल्या कोऱ्या नोटा काझुएने एका पाकिटात सरकवल्या.

समुद्र खवळलेला होता. बोट उसळत होती, लोक खुर्च्यांचे दांडे घट्ट धरून बसले होते. वन्संनी तिला आधार द्यायला हात पुढे केला. तो धरायला काझुएचा हात मोकळा नव्हता. दोन्ही तळव्यांमध्ये पाकीट सपाट धरून ती ताठ बसली होती, आणि पलीकडचा किनारा लागेपर्यंत तिने एकाही नोटेला घडी पडू दिली नाही.